गाव तिथंच, जिल्हा नवा

2023चा पोळा सप्टेंबरच्या मध्यात आला होता. सुट्टी टाकून पांढुर्ण्याला घरी गेलो, आणि सुट्टीत कामाला हात लावायचा नाही असं ठरवून लॅपटॉप सोबत घेतला. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी झाली. पोळ्याच्या दुपारी पुरणपोळी अंगावर आली, घर झोपलं, आणि मी कोपऱ्यात बसून एक राहिलेलं काम उघडलं. बाजारातल्या वजनकाट्याच्या पावत्या छापणारा एक लहानसा प्रोग्रॅम होता. किलोचं पूर्णांकन चुकत होतं, हमाली आणि तोलाई एकाच रकान्यात कोंबलेली होती, आणि पावतीवर तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी, अशी येत होती. दोन तासांत तिन्ही दुरुस्त केलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर शहाण्या मुलासारखा गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदलांची वही ठेवणाऱ्या साधनात, एकेक कमिट, म्हणजे नोंद, केला. मग सहज ‘गिट स्टेटस’ विचारलं, तर पहिलीच ओळ : ऑन ब्रँच मेन.

आमच्या टीमचा नियम असा की मेनवर थेट कुणी लिहायचं नाही. नवं काम नव्या ब्रँचवर करायचं, दुसऱ्याने ते तपासायचं, मगच ते मेनमध्ये मिसळायचं. मी तीन नोंदी सरळ मेनवर ठोकल्या होत्या.

काका ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. सौंसरच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे त्यांनी तीसेक वर्षं रोजकीर्द आणि खतावणी लिहिली. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध नाही, पण चुकलेल्या माणसाचं तोंड त्यांना लांबून ओळखता येतं.

“काय झालं रे? तोंड काहून उतरलं?”

“चुकीच्या खात्यात लिहिलं, काका. तीन नोंदी.”

“मालकाले दाखोली का वही?”

“नाही, अजून माझ्याचकडे आहे.”

“मंग रडून काहून राह्यला? घरातली गोष्ट घरातच हाये ना आजून.”

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न काकांनी पहिल्याच झटक्यात विचारला होता. वही बाहेर गेली की नाही? त्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचं काम दोन ओळींचं आहे. ‘हो’ असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे नंतर येऊ.

आधी कमिट म्हणजे काय ते नीट पाहू, कारण इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. प्रोग्रॅमच्या सगळ्या फायली या क्षणी कशा दिसतात त्याचा फोटो, कुणी आणि कधी काढला त्याची नोंद, एक ओळीचा खुलासा, आणि आधीच्या कमिटचा क्रमांक, एवढं मिळून एक कमिट होतो. त्यातली शेवटची गोष्ट विसरू नका. आपल्याकडे माणसाच्या नावात मधे बापाचं नाव असतं, तसा प्रत्येक कमिटच्या पोटात त्याच्या बापाचा क्रमांक असतो. या सगळ्या मजकुरावर गणित करून चाळीस अक्षरांचा एक क्रमांक निघतो, तोच त्या कमिटचा क्रमांक. मजकुरात एक स्वल्पविराम बदला, क्रमांक बदलेल. बाप बदला, तरी बदलेल. म्हणून झालेला कमिट कधीच दुरुस्त होत नाही. ‘दुरुस्त केला’ असं आपण म्हणतो तेव्हा नवा लिहिलेला असतो आणि जुना मागे पडलेला असतो.

मग ब्रँच म्हणजे काय? या शब्दाने माझी स्वतःची दोन वर्षं फसवणूक केली. ब्रँच म्हणजे फांदी, असं मनात बसलं होतं. आमच्याकडे पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात जिकडे पाहावं तिकडे संत्र्याचे बगीचे, त्यामुळे फांदी म्हटली की डोळ्यांसमोर खोडातून फुटलेलं जाडजूड लाकूड यायचं. चुकीच्या फांदीवरचं दुसरीकडे न्यायचं म्हणजे करवत आणावी लागणार, जखम होणार, डिंक गळणार. प्रत्यक्षात तसं काहीच नसतं. पाहायचं असेल तर प्रोग्रॅमच्या फोल्डरात ‘.गिट’ नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं, ते उघडा. त्यात ‘रेफ्स’, त्यात ‘हेड्स’, आणि त्यात ‘मेन’ नावाची एक इवलीशी फाइल. नोटपॅडमध्ये उघडा. आत फक्त एक ओळ असते : चाळीस अक्षरांचा कमिट क्रमांक. शेवटचा ओळबदल धरून एक्केचाळीस बाइट. बस्स. मेन ब्रँच म्हणून जिचा एवढा दरारा असतो ती ही एक्केचाळीस बाइटांची चिठ्ठी. थेट ‘.गिट’ फोल्डरातच ‘हेड’ नावाची आणखी एक फाइल असते. तुम्ही आत्ता कोणत्या चिठ्ठीवर काम करताय एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. नवा कमिट केला की तो जुन्याला बाप म्हणून चिकटतो आणि तुमच्या चिठ्ठीवरचा क्रमांक बदलून त्याचा होतो. चिठ्ठी पुढे सरकली.

म्हणजे माझ्या त्या दुपारी नेमकं काय बिघडलं होतं? तीन कमिट होते तिथे ठीक होते. फक्त ‘मेन’ नावाची चिठ्ठी त्यांच्या टोकावर जाऊन बसली होती, आणि तिने तीन पावलं मागे असायला हवं होतं. कमिट हलवायचे नव्हतेच, नावं हलवायची होती.

पांढुर्ण्याच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आमची गावं न हलता पत्ते बदलण्यात मुरलेली आहेत. 1956च्या ऑक्टोबरपर्यंत आम्ही ज्या मध्य प्रदेशात होतो त्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्हा, त्यात पांढुर्णा आणि सौंसर, नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी एका रात्रीत भोपाळ झाली. घरातली मराठी तीच, सोयरीक नागपूर-वरूडकडची तीच, संत्रं विकायला जायची वाट तीच. कागदावरचा शब्द बदलला. (गंमत म्हणजे नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, आणि देवगड छिंदवाड्यात. म्हणजे नागपूर हीच मुळात इकडची ब्रँच. हे नागपूरकरांपुढे बोलू नये.) आणि मी ज्या पोळ्याची गोष्ट सांगतोय तेव्हा तर ओसरीवर विषयच तो होता. ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी पांढुर्णा जिल्हा करण्याची घोषणा केली होती. ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे भाग छिंदवाड्यातून निघून नवा जिल्हा झाला. कलेक्टर कुठे बसणार, छिंदवाड्याची शंभरेक किलोमीटरची खेप वाचणार का, एवढीच लोकांची चौकशी. जाम नदी जागची हलली नाही. धुऱ्यावरची बोर हलली नाही. रस्त्यावरच्या जुन्या गाड्या एमपी-28 हा छिंदवाड्याचाच क्रमांक मिरवत राहिल्या. नव्या कागदावर तेवढं ‘जिल्हा पांढुर्णा’ आलं.

या उदाहरणात एक बारीक गोष्ट दडलेली आहे, आणि तीच आपल्या दोन ओळींचा क्रम ठरवते. समजा सरकारने आधी म्हटलं असतं, ही गावं छिंदवाड्यात नाहीत; नवा जिल्हा मात्र पुढच्या महिन्यात पाहू. मधल्या महिन्यात ती गावं कुणाची? खसऱ्याची नक्कल मागायला माणूस कुणाच्या दारात उभा राहणार? म्हणून आधी नवं नाव लागतं, मग जुनं मागे सरकतं. गिटमध्येही अगदी असंच.

तर त्या दुपारी मी काय केलं ते लिहितो. हुकूम टाइप करायचे ते इंग्रजी अक्षरांतच, इथे बोलतो तसे लिहिले आहेत. पहिली ओळ :

गिट स्विच -सी पावती-दुरुस्ती

‘पावती-दुरुस्ती’ नावाची नवी चिठ्ठी तयार कर, ती मी आत्ता उभा आहे त्याच कमिटवर लाव, आणि इथून पुढे मी तिच्यावर काम करतोय असं धर. एका क्षणापुरती एकाच कमिटवर दोन नावं असतात, मेन आणि पावती-दुरुस्ती. आता दुसरी ओळ :

गिट ब्रँच -एफ मेन ओरिजिन/मेन

‘मेन’ची चिठ्ठी उचल आणि ‘ओरिजिन/मेन’ जिथे आहे तिथे नेऊन ठेव. ओरिजिन/मेन म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवरची मेन शेवटची पाहिली तेव्हा कुठे होती, त्याची माझ्या लॅपटॉपवरची खूण. माझे तीन कमिट तिकडे गेलेच नव्हते, त्यामुळे ती बरोबर तीन पावलं मागे होती. संपलं काम. फायली जशाच्या तशा उघड्या राहिल्या, एका अक्षराला धक्का नाही.

बहुतेक ठिकाणी ही युक्ती वेगळ्या क्रमाने शिकवतात. मेनवरच उभं राहून ‘गिट ब्रँच पावती-दुरुस्ती’, मग ‘गिट रीसेट --हार्ड हेड~3’, मग नव्या ब्रँचवर उडी. तीही बरोबर आहे, शेवटही तोच. पण मला ती आवडत नाही, आणि कारणं दोन. ‘हेड~3’ म्हणजे शेवटापासून तीन मागे. हे मोजायचं आपण, आणि पुरणपोळीनंतर मोजायचं. चार कमिट असले नि तीन मोजले की एक घोडचूक मेनवर तशीच राहते. दुसरं कारण जास्त गंभीर. ‘हार्ड’ हा शब्द नुसती चिठ्ठी सरकवत नाही, उघड्या फायलीही मागच्या फोटोप्रमाणे करून टाकतो. कमिट न केलेलं अर्धं काम तिथे पडलेलं असेल तर ते पुसतो, विचारत नाही. रीसेटच वापरायचं असेल तर ‘--हार्ड’च्या जागी ‘--कीप’ लिहावं. कमिट न केलेलं काम पुसलं जाणार असेल तर ते अडून बसतं.

आणि कुणी आधी रीसेट करून टाकलं, नवं नाव लावायचं विसरला, तर? कमिट बेवारस झाले. नाव नाही, त्यामुळे यादीत दिसत नाहीत. माणूस दोन दिवसांचं काम गेलं म्हणून कपाळाला हात लावतो. पण ते गेलेले नसतात. गिट एक गुप्त रोजकीर्द ठेवतं, हेड आणि प्रत्येक चिठ्ठी कधी कुठे होती याची. ‘गिट रीफ्लॉग’ म्हटलं की ती उलगडते, त्यात हरवलेल्या टोकाचा क्रमांक सापडतो, त्या क्रमांकावर नवी चिठ्ठी लावली की सगळी साखळी परत वर येते. कारण प्रत्येकाच्या पोटात बापाचा क्रमांक आहेच. असे बेवारस कमिट मूळ व्यवस्थेप्रमाणे निदान तीस दिवस तरी टिकतात, मग कधीतरी झाडलोट होते. ही रोजकीर्द फक्त तुमच्या मशीनवर असते. आणि जे कमिटच केलं नव्हतं त्याची नोंद तिच्यात नसते.

नवी ब्रँच नको, काम आधीपासून चालू असलेल्या दुसऱ्या ब्रँचवर न्यायचंय, अशीही वेळ येते. तिथे चिठ्ठी सरकवून भागत नाही. त्या ब्रँचचं टोक वेगळं, म्हणजे कमिटना बाप वेगळा हवा, म्हणजे ते कमिट नव्याने लिहावे लागणार. यासाठी ‘गिट चेरी-पिक’ आहे. इथे मात्र संत्र्याचं झाड कामाला येतं. जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात तसं हे. डोळा ज्या झाडाचा, ते झाड आपल्या जागी उभंच असतं; इथे दुसऱ्या मुळांवर त्याच गुणाची नवी फूट येते. मजकूर तोच, बाप दुसरा, म्हणून क्रमांक दुसरा. कधी खुंट आणि डोळा जमत नाही. एकाच ओळीत दोन्हीकडे वेगवेगळे बदल असतात, गिट थांबतं आणि विचारतं की यातलं खरं कोणतं. ते माणसानेच ठरवायचं. सगळे डोळे लागले की मेनची चिठ्ठी वर सांगितल्याप्रमाणे मागे घ्यायची.

आता काकांच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर : वही मालकाकडे गेली असेल तर?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दिवसभर दोन्हीकडून दगड. दरवर्षी डोकी फुटतात, दवाखाने भरतात. गावाचा असूनही मला तो प्रकार पाहवत नाही. मी घरात बसतो. पण लहानपणी काठावरून पाहिलेली एक गोष्ट डोक्यात राहिली आहे. गोटा हातात असेपर्यंत माणूस सत्तर विचार करू शकतो. खाली टाकू शकतो, खिशात घालू शकतो. सुटला की तो पलीकडच्यांचा. गिटमध्ये हा सुटण्याचा क्षण म्हणजे पुश.

या क्षणाला एवढं महत्त्व यायचं कारण इतिहासात आहे. गिटच्या आधी सब्व्हर्जनसारखी साधनं सर्रास वापरात होती. त्यांत वही एकच, मध्यवर्ती सर्व्हरवर. कमिट केला की तो थेट तिथे जाऊन पडायचा. लिहिणं आणि पाठवणं ही एकच क्रिया. ‘चुकून केलेला पण अजून माझ्याचकडे असलेला कमिट’ ही वस्तूच तिथे संभवत नव्हती. लिनक्सची मंडळी 2002पासून बिटकीपर नावाचं साधन वापरत होती. 2005मध्ये त्याचा फुकट वापर बंद झाला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतःचं लिहायला घेतलं, आणि 7 एप्रिलला गिटची स्वतःची वही गिटमध्येच लिहिली जाऊ लागली. त्याच वर्षीच्या जुलैत त्याने ते जुनिओ हामानो याच्याकडे सोपवलं. गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण वही असते. त्यामुळे लिहिणं आणि पाठवणं यांच्यात एक अंतर पडलं. माझ्यासारख्यांची अब्रू त्या अंतरातच वाचते.

तर पुश झाल्यावर चिठ्ठी मागे घेणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे; ‘--फोर्स’ लावला आणि सर्व्हरने परवानगी दिली की सर्व्हरवरची मेनही मागे जाते. पण तोवर चार जणांनी ते कमिट आपल्याकडे ओढून त्यांवर आपलं काम रचलेलं असतं. त्यांची वही एक सांगते, सर्व्हर दुसरं. मग कुणीतरी निरागसपणे पुन्हा मिसळतं आणि तुमचे तीन कमिट भुतासारखे परत येतात. एकट्याच्या ब्रँचवर फोर्स खुशाल वापरा, सामाईक मेनवर वापरू नका.

तिथे काकांची पद्धत चालवायची. त्यांच्या खतावणीत खाडाखोड चालत नसे, पान फाडणं तर नाहीच. रामभाऊची रक्कम चुकून शामरावच्या खात्यात नावे पडली, तर शामरावच्या खात्यात तेवढीच जमा दाखवायची, खाली ‘चुकीची नोंद उलटवली’ लिहायचं, आणि रामभाऊच्या खात्यात नवी नोंद करायची. ‘गिट रिव्हर्ट’ हेच करतं. चुकीचा कमिट राहतो आणि त्याच्या नेमका उलटा असा नवा कमिट पुढे जोडला जातो. एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो, मी त्यात पडलेलो आहे. पुढे कधी ती ‘पावती-दुरुस्ती’ ब्रँच तपासून मेनमध्ये मिसळायला गेलात, तर गिट म्हणतं, हे कमिट मेनमध्ये आधीच आहेत, मिसळायला काही नाही. आणि दुरुस्ती तर उलट नोंदीने गेलेली. तेव्हा त्या उलट नोंदीचीही उलट नोंद करावी लागते. काकांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, “आमच्याकडं बी होत होतं असं.”

त्या दिवशी मला यातलं काही करावं लागलं नाही. दोन ओळी टाइप केल्या, संध्याकाळी नेट आल्यावर नवी ब्रँच पुश केली, आणि बैलांच्या मागे तोरणाखाली जाऊन उभा राहिलो.

रात्री एक काम मात्र केलं. ‘.गिट’च्या फोल्डरातच ‘हुक्स’ नावाचं फोल्डर असतं. त्यात ‘प्री-कमिट’ नावाची चार ओळींची स्क्रिप्ट ठेवली की ती प्रत्येक कमिटच्या आधी चालते, आणि तिने नकार दिला की कमिट होत नाही. मी त्यात लिहिलं, ब्रँच मेन असेल तर एक ओळ छाप आणि थांब. ओळ काय असावी यावर काकांचा सल्ला घेतला. हे हुक वहीबरोबर दुसऱ्यांकडे जात नाहीत, त्यामुळे टीममध्ये कुणाला ती ओळ दिसायची भीती नव्हती. सुट्टी संपवून परत आलो, आणि दुसऱ्याच आठवड्यात एका संध्याकाळी घाईघाईत कमिट ठोकला, तर पडद्यावर आलं : “कुठं चालला बे? हे मेन आहे.”